२०० मेगापिक्सेल आणि अर्धा पिक्सेल

गेल्या शनिवारी सकाळी मामांचा फोन. "अरे, दोनशे मेगापिक्सेलवाला मोबाईल घ्यायचाय. कुठला घेऊ सांग. आज संध्याकाळपर्यंत घ्यायचाच आहे."

मामांना फोटोग्राफीचा काडीचा शौक नाही. लग्नाकार्यात सुद्धा फोटो काढायची वेळ आली की हातातला फोन दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. भोसरी एमआयडीसीत त्यांचा छोटा शेड आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ आणि सहा माणसं. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीतून कास्टिंग येतात, मामा त्यांचं मशिनिंग करतात आणि माल चाकणच्या एका कंपनीत जातो. अशा माणसाला एकदम दोनशे मेगापिक्सेलची तहान का लागावी?

तर झालं असं की एका लॉटमधल्या काही जॉबना मशिनिंगनंतर बारीक क्रॅक दिसले. मामांचं म्हणणं, क्रॅक कास्टिंगमध्येच होता. फाउंड्रीचं म्हणणं, तुम्ही क्लॅम्पिंगमध्ये आवळून फोडलंत. चाकणच्या क्वालिटीवाल्या साहेबांनी सांगितलं, "फोटो पाठवा." मामांनी फोटो काढले, व्हॉट्सॲपवर टाकले. फाउंड्रीचं उत्तर आलं, "फोटोत काहीच दिसत नाही." आणि साहेबांचं उत्तर आलं, "काका, जरा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्या हो आता. हल्ली दोनशे मेगापिक्सेल येतात."

म्हणजे बघा, डेबिट नोट कोणाच्या नावाने फाडायची हे ज्या फोटोवर ठरणार, तो फोटो दिसत नाही. आणि दोष कोणाचा, तर मामांच्या जुन्या फोनचा.

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. कारण हा दोष मामांच्या फोनचा नाही, हे मला नक्की माहीत आहे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि लोकांनी चढवलेले फोटो लहान करणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. म्हणून आजचा लेख जरा तिखट होणार आहे. तयारीने वाचा.

आधी गणित

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३०००. दोनशेवाल्याचा साधारण १६३२० बाय १२२४०. ठिपके सोळा-सतरापट, पण आडव्या रेषेत मोजले तर जेमतेम चौपट. इथेच पहिली फसगत होते. जाहिरातीत क्षेत्रफळ सांगतात, आपल्या डोळ्याला मात्र लांबी दिसते.

मामांचा जॉब ३०० मिलीमीटर लांब. आजूबाजूची थोडी जागा धरून चौकटीत ३२० मिलीमीटर येतात असं समजू. क्रॅकची रुंदी ०.१ मिलीमीटर. आता फोटोत काय होतं ते पाहा.

१२ मेगापिक्सेल: ४००० भागिले ३२०, म्हणजे एका मिलीमीटरला साडेबारा पिक्सेल. क्रॅकच्या वाट्याला सव्वा पिक्सेल.

२०० मेगापिक्सेल: १६३२० भागिले ३२०, म्हणजे मिलीमीटरला ५१ पिक्सेल. क्रॅकला पाच पिक्सेल.

"मग? दोनशेवाला चांगलाच की!" असं म्हणाल. थांबा. फोटो अजून फोनमध्येच आहे. तो साहेबांकडे जायचाय.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आणला जातो. आवृत्तीप्रमाणे आकडा थोडा पुढेमागे होतो, पण हिशोब तोच. १६०० भागिले ३२०, म्हणजे मिलीमीटरला पाच पिक्सेल आणि क्रॅकला अर्धा पिक्सेल.

हे १२ मेगापिक्सेलवाल्या फोटोचंही होतं आणि २०० वाल्याचंही होतं. दोघांचाही शेवट अर्ध्या पिक्सेलवर. दोनशेवाल्या फोटोत शंभराहून जास्त ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका होतो, बारावाल्यात सहा-सातांची. पोचणारी वस्तू मात्र तेवढीच, दोन मेगापिक्सेलहून थोडी कमीच.

अर्धा पिक्सेल म्हणजे काय? काळ्या रेघेने पिक्सेलची अर्धी जागा व्यापली, उरलेल्या अर्ध्यात राखाडी लोखंड. सरासरी काढली की काळं जाऊन गडद राखाडी उरतं. त्यानंतर जेपेगचं दाबणं सुरू होतं. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यातले बारीक, भराभर बदलणारे तपशील आधी उडवतं, कारण माणसाच्या डोळ्याला ते कमी जाणवतात. आकाश, साडी, केक, बाळाचा चेहरा यांसाठी युक्ती झकास आहे. पण हेअरलाइन क्रॅक म्हणजे नेमका तोच, बारीक आणि भराभर बदलणारा तपशील. म्हणजे जी गोष्ट दाखवायला फोटो काढला, तीच आधी फेकली जाते. फाउंड्रीवाला खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही दिसलं नाही.

मेगापिक्सेलचा बाजार

हा खेळ आजचा नाही. ज्यांनी २००० च्या दशकात पहिला डिजिटल कॅमेरा घेतला त्यांना आठवत असेल, दुकानदार पहिलं वाक्य काय टाकायचा? "पाच मेगापिक्सेल घ्या साहेब, तीनवाला आता आऊटडेटेड." निकॉनने २००६ मध्ये ६ मेगापिक्सेलचा डी४० काढला, उत्तम कॅमेरा होता. काही महिन्यांतच, २००७ मध्ये, जवळजवळ तोच कॅमेरा १० मेगापिक्सेलचा करून डी४०एक्स म्हणून आला. सहाचा आकडा मागे पडून चालणार नव्हतं ना!

उलट उदाहरणंही आहेत. नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यूने २०१२ मध्ये ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर आणला, पण त्यामागचा विचार प्रामाणिक होता: पुष्कळ ठिपके टिपायचे आणि त्यांची गोळाबेरीज करून ५ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो द्यायचा. ॲपलने २०१५ च्या ६एस पासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला. त्या सहा-सात वर्षांत फोटो सुधारले नाहीत असं कोणी म्हणेल का? सुधारले ते सेन्सरमुळे, लेन्समुळे आणि सॉफ्टवेअरमुळे.

आणि आजचे २०० मेगापिक्सेल? २०२३ चा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा घ्या. त्याचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, लेन्स एफ/१.७ ची. आता प्रकाश ही लहर आहे, त्यामुळे लेन्स कितीही निर्दोष असली तरी एका बिंदूचा बिंदू पडत नाही, छोटी चकती पडते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/१.७ ला ती चकती साधारण २.३ मायक्रॉनची येते. म्हणजे एका चकतीत आडवे जवळजवळ चार पिक्सेल! वर मी मोठ्या मनाने दोनशेवाल्याला "क्रॅकला पाच पिक्सेल" देऊन टाकले होते, त्यात खरी माहिती किती असेल ते तुम्हीच ठरवा. कंपनीलाही हे ठाऊक आहे. म्हणून नेहमीच्या मोडमध्ये तो फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो साठवतो. दोनशेचा मोड मुद्दाम चालू करावा लागतो. मामांनी फोन घेतला असता आणि सेटिंगला हात लावला नसता (मामा लावत नाहीत), तर त्यांचा फोटो पुन्हा बारावरच आला असता :)

इथे कोणीतरी म्हणणार, "पण सोळा एकत्र केले की अंधारातले फोटो चांगले येतात!" येतात, पण ते सोळा केल्यामुळे नाही. पावसात अंगणात एक परात ठेवा, किंवा तेवढ्याच जागेत सोळा वाट्या ठेवून नंतर त्यांचं पाणी एकत्र करा. पाणी परातीच्या क्षेत्रफळाइतकंच मिळणार. उजेड गोळा होतो तो सेन्सरच्या आकारावर. वाट्या मोजून पाणी वाढत नाही. पण खोक्यावर परातीचा आकार कोण छापणार? "२००" छापायला सोपं, ऐकायला भारी.

जास्त पिक्सेल अगदीच निरुपयोगी का?

नाही. एकतर्फी लिहायचं नाही म्हणून हेही सांगतो. फोटोतला छोटा तुकडा कापून वापरायचा असेल, तर जास्त पिक्सेल कामाला येतात. भिंतभर मोठा प्रिंट जवळून बघायचा असेल, तर येतात. आणि मोठा फोटो नीट पद्धतीने लहान केला तर दाणेदारपणा कमी होतो, हेही खरं. चार पिक्सेलची सरासरी काढली की त्यातला गोंगाट निम्म्यावर येतो.

पण आपण फोटो बघतो कुठे? फोनच्या पडद्यावर, फार तर लॅपटॉपवर. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० बाय १०८०, जेमतेम दोन मेगापिक्सेल. फोर-के टीव्ही आठ मेगापिक्सेलच्या थोडा वर. तिथे बारा आणि दोनशे शेजारी ठेवले तर फरक दिसेल तो उजेडाचा, फोकसचा आणि हललेल्या हाताचा.

"मोठं छापायला तरी लागतात ना?" असं वाटणाऱ्यांनी निगडीपासून दापोडीपर्यंत एक चक्कर मारावी आणि वाढदिवसांचे फ्लेक्स बघावेत. दहा फूट रुंद फ्लेक्सवर व्हॉट्सॲपचा १६०० पिक्सेलचा फोटो ताणला तर एक पिक्सेल साधारण १.९ मिलीमीटरचा होतो. रस्त्यावरून, तीस फुटांवरून, निरोगी डोळ्याला साधारण अडीच मिलीमीटरच्या आतलं वेगळं दिसतच नाही. म्हणजे आपल्या भावी नगरसेवकांना सुद्धा दोन मेगापिक्सेल पुरतात! फ्लेक्सवर चेहरा फुटतो तो ग्रुप फोटोतून कोपऱ्यातलं डोकं कापून मोठं केल्यामुळे.

खरा गुन्हेगार: आम्ही

आता घरचा आहेर. मेगापिक्सेल विकणाऱ्यांवर दात खाणं सोपं आहे. पण मधल्या मध्ये फोटो कापणारी यंत्रणा कोण बांधतं? आम्ही, सॉफ्टवेअरवाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही ती मुकाट्याने कापणारी बांधतो.

मी स्वतः केलंय. एका पोर्टलसाठी फोटो अपलोडचा भाग लिहिला होता. मागणी काय होती? "सर्व्हरवर जागा कमी लागली पाहिजे." मी लांबी १०२४ वर आणली, जेपेगची क्वालिटी ७० ठेवली, टेस्ट पास झाली, घरी गेलो. त्या फोटोत कोणी काय दाखवणार आहे हे मी विचारलं नाही, मला कोणी सांगितलं नाही. आणि वापरणाऱ्याला "तुमचा फोटो आम्ही लहान केला आहे" अशी एक ओळ दाखवावी हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. एक ओळ! अर्ध्या तासाचं काम होतं.

लहान करणं हा गुन्हा नाही. जागा लागते, डेटा लागतो, पैसे लागतात. पण न सांगता लहान करणं ही फसवणूक आहे. कारण त्यामुळे शिक्षा चुकीच्या माणसाला होते. फोटो खराब दिसला की आपण म्हणतो, "याचा फोन साधा दिसतोय." कधी कोणी म्हणतं का, "आपली यंत्रणा साधी दिसतेय"?

बँकांच्या भरती परीक्षांचे आयबीपीएसचे फॉर्म बघा. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. म्हणजे ४६ हजार ठिपके, एका मेगापिक्सेलचा विसावा हिस्सासुद्धा नाही. सही १४० बाय ६०. पण तिथे निदान आकडे आधी सांगितलेले असतात, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. तरीही आपल्या अभ्यासिकांमधली पोरं मित्राचा महागडा फोन मागून फोटो काढतात आणि मग कुठल्यातरी वेबसाइटवर तो चिरडून पन्नास केबीत बसवतात. पाच मेगापिक्सेलच्या फोनने, खिडकीसमोर उभं राहून, मागे पांढरी भिंत ठेवून काढलेला फोटो त्या दोनशे बाय दोनशे तीसमध्ये जास्त चांगला दिसेल. पण हे त्यांना सांगतो कोण? यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले?

आणि ते चाकणचे साहेब. त्यांचा राग मला नाही, तेही बिचारे पीपीएमच्या आकड्याखाली दबलेले असणार. पण गंमत बघा. भोसरी ते चाकण वीसएक किलोमीटर. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत त्या ट्रॅफिकमधून यायला कोणाला वेळ नाही, म्हणून फोटो. कोल्हापूरहून माणूस येणं तर सोडाच. म्हणजे फोटो हा आता पुरावा झालाय, त्याच्यावर पैशांचे निर्णय होतात. मग पुरावा कसा घ्यायचा, कसा पाठवायचा, याचा एक कागद तरी व्हेंडरला द्याल की नाही? व्हर्निअरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागता, गेजचं मागता. फोटोसाठी मात्र "चांगला फोन घ्या" एवढीच प्रोसेस! दहा मायक्रॉनसाठी भांडणारी इंडस्ट्री अर्ध्या पिक्सेलवर निकाल देते, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

मग करायचं काय

मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही फोन घेऊ नका. मी उद्या शेडवर येतो." रविवारी गेलो. त्यांच्याच चार वर्षं जुन्या, १२ मेगापिक्सेलच्या फोनने काम केलं. काय केलं ते क्रमाने लिहितो, कोणाला उपयोग झाला तर बरं.

एक, जॉब पुसला. कूलंटचा थर चमकतो आणि क्रॅक झाकतो.

दोन, एक फोटो पूर्ण जॉबचा काढला, फक्त जागा कळावी म्हणून. मग जवळ गेलो, फोकस धरतोय तिथपर्यंत. साधारण दहा-बारा सेंटीमीटरवर. आता चौकटीत ३२० ऐवजी १६० मिलीमीटर आले. मिलीमीटरला २५ पिक्सेल, क्रॅकला अडीच.

तीन, वरची ट्यूब बंद केली आणि बॅटरी बाजूने, अगदी आडवी धरली. तिरप्या उजेडात क्रॅकची कड सावली टाकते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. या एका गोष्टीने जो फरक पडला तो कुठल्याही मेगापिक्सेलने पडला नसता.

चार, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली. माप फोटोतच आलं. वाद कमी.

पाच, पाठवण्याआधी क्रॅकभोवतीचा ३२ मिलीमीटरचा तुकडा कापला. तो झाला ८०० पिक्सेलचा. १६०० पेक्षा लहान, म्हणून लहान करायला काही उरलंच नाही. क्रॅकचे अडीच पिक्सेल अडीचच राहिले. आधी अर्धा, आता अडीच. पाचपट, आणि खर्च शून्य.

सहा, मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून वेगळे पाठवले. तसे पाठवले की फाइल जशीच्या तशी जाते, आणि फोटो कधी काढला ती तारीख-वेळही फाइलमध्ये टिकते. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते. भांडणात तारखेला किंमत असते. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर एचडीचा पर्याय आहे, त्याने फोटो मोठा जातो, पण तोही दाबलेलाच असतो.

सात, दोन जॉबवर डाय पेनिट्रंट मारलं. मामांकडे डबे होतेच. लाल रंग क्रॅकमध्ये शिरतो, वरचा पुसून पांढरा डेव्हलपर मारला की आतला रंग बाहेर झिरपतो आणि क्रॅकपेक्षा कितीतरी रुंद लाल रेघ उमटते. वर्कशॉपवाल्यांकडे हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पिक्सेल लहान करण्यापेक्षा क्रॅक मोठा करा! :) यापुढे दोनशे काय आणि दोन हजार काय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न मशिनिंग केलेल्या, पेटीतून तशाच काढलेल्या चार कास्टिंगवरही पेनिट्रंट मारलं. एकावर त्याच जागी लाल रेघ आली. क्लॅम्पला हात लागायच्या आधी.

सोमवारी दुपारी मामांचा फोन. फाउंड्रीने "दिसतंय, तुकडे पाठवा, आम्ही बघतो" असं कळवलं. वाद मिटला असं नाही, पण "काहीच दिसत नाही" वरून "दिसतंय" वर आला. डेबिट नोट सध्या थांबली आहे. साहेबांनी फोटो पाहून विचारलं म्हणे, "काका, नवा फोन घेतला वाटतं?"

मामा म्हणाले, "हो." मला हसून सांगत होते. मी वैतागलो, "अहो मामा, खरं सांगायचं ना!" तर म्हणतात, "अरे, जुन्या फोनचा आहे म्हटलं असतं तर त्याला पुन्हा दिसेनासा झाला असता."

यावर मी काय बोलणार? पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "फोटो क्लिअर नाही, चांगला फोन घ्या" असं म्हटलं, तर एवढंच विचारा: माझ्या फोनमध्ये होता तेव्हा किती पिक्सेल होता, आणि तुमच्याकडे पोचला तेव्हा किती? उत्तर येत नसेल, तर फोन बदलायची गरज तुम्हाला नाही.